न पेटलेला दिवा

मराठीच्या प्राध्यापकाने मोटार घ्यावी, यात आता नवल राहिलेले नाही. पण त्याने जर्मन बनावटीची, पावणेदोनशे अश्वशक्तीची, काळीभोर मोटार घ्यावी, आणि तीही घरच्यांचा सल्ला डावलून, हे आमच्या वाईसारख्या गावात अजूनही नवलच आहे. २०२४च्या जानेवारीत मी ती घेतली. गाडी बारा वर्षांची जुनी. नवी असताना जिची किंमत ऐकूनच आम्ही हात जोडले असते, ती आता पाचव्या हिश्शात पुण्याच्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे उभी होती. कोणत्या कंपनीची, ते सांगत नाही. पुढे जे घडले त्यात दोष कंपनीचा नव्हता.

व्यापारी बोलण्यात पटाईत होता. "सर, या गाडीत स्टॅबिलिटी आहे, ट्रॅक्शन आहे. म्हणजे गाडी घसरायचा प्रश्नच येत नाही," असे त्याने सांगितले, आणि माझ्यासारख्या शब्दांवर पोट भरणाऱ्या माणसाने ते शब्दशः खरे मानले. घरी आल्यावर मीही तेच वाक्य चार पाहुण्यांना ऐकवले. आमच्या सौ. तेवढ्या म्हणाल्या, "घसरायचा प्रश्न गाडीला येत नसेल, रस्त्याला येत असेल की!" या बोलण्याकडे मी विनोद म्हणून पाहिले.

जून उजाडला. पहिल्या पावसात पाचगणीला जायचे, हा मुलीचा हट्ट. वाईतून निघाले की पसरणीचा घाट लागतो. वळणावळणाचा, पण आम्हाला अंगणासारखा. चार महिन्यांच्या धुळीवर, सांडलेल्या तेलावर आणि घासलेल्या रबरावर पहिली सर पडली की रस्त्यावर एक बुळबुळीत साय धरते. दोन दिवस जोराचा पाऊस झाला की ती धुऊन जाते. आम्ही नेमके त्या सायीवर चढत होतो. पुढे एक मालमोटार कण्हत चालली होती. डावीकडच्या एका अवघड वळणाशी तिने बाजू दिली, आणि मी, अर्ध्या वळणात असतानाच, ॲक्सिलरेटर दाबला.

पुढचे दोन क्षण मला आजही सुटे सुटे आठवतात. आधी इंजिनाचा आवाज एकदम चढला, पण गाडी पुढे गेली नाही. मग पाठीमागून कुणीतरी गाडी उचलून उजवीकडे ठेवावी तसे झाले. घाबरून मी पाय उचलला आणि ब्रेकवर आदळला. गाडीचे तोंड डोंगराकडे, शेपूट समोरून येणाऱ्या वाहनांच्या वाटेत, अशी आम्ही रस्त्यात आडवी उभी राहिलो. मागच्या सीटवर मुलगी होती. आणि तिच्या दारापासून सात-आठ हातांवर, घाट उतरणारी लाल एस.टी. थांबलेली होती.

एस.टी.चा ड्रायव्हर खाली उतरला. तो शिव्या देईल असे मला वाटले. मीही त्या तयारीनेच काच खाली केली. त्याने आधी मागे वाकून मुलीकडे पाहिले, ती ठीक आहे अशी खात्री करून घेतली आणि मग मला म्हणाला, "साहेब, ही मागच्या चाकांची गाडी हाय न्हवं? आमच्या येष्टीवानी?" मी मान हलवली. "मग वळणात रेस द्यायची न्हाई. फुडची चाकं वळवत्यात, मागची ढकलत्यात. ढकलणाऱ्यानं घाई केली, की वळवणाऱ्याचं काय चालत न्हाई. आन् सुटलीच, तर पाय एकदम काढायचा न्हाई. हळू सोडायचा, आन् मागचं ज्या अंगाला चाललंय त्या अंगाला स्टेअरिंग द्यायचं." एवढे बोलून, माझी गाडी सरळ होईपर्यंत रहदारी थोपवून, तो निघून गेला. मोटारीविषयी पुढे मी पुष्कळ वाचले. पण मागच्या चाकांच्या गाडीचे शास्त्र इतक्या थोड्या शब्दांत मला कुठे सापडले नाही.

आमच्या पिढीला हे ठाऊक का नव्हते, याचेही कारण आहे. आमच्या वडिलांच्या काळातील ॲम्बॅसडर काय किंवा पुढे पद्मिनी झालेली फियाट काय, दोन्ही मागच्या चाकांनी चालणाऱ्या गाड्या. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, आणि तिच्यापासून इंजिनाची ओढ पुढच्या चाकांना देण्याची रीत आपल्याकडे रुळली. आम्ही त्याच गाड्यांवर शिकलो. मागच्या चाकांच्या गाड्या गेल्या नाहीत. ओम्नी, स्कॉर्पिओ, जुन्या बांधणीची इनोव्हा या साऱ्या त्याच घराण्यातल्या. पण घरच्या लहान मोटारीतून मात्र ते ज्ञान नाहीसे झाले. आमचे मामा फियाट चालवीत, भर पावसात घाट चढवीत, आणि त्यांची गाडी कधी आडवी झाल्याचे ऐकले नाही. याचे श्रेय मामांच्या कसबाला द्यायला मला आवडेल. परंतु त्या गाडीत मुळी अश्वच चाळिसेक होते. मागची चाके फिरवून फेकण्याइतका जोर तिच्या अंगी कुठला असणार?

पकडीचा हिशेब मला एका जुन्या उपमेने कळला. ती आण्यांत सांगतो. नव्या वाचकांनी माफ करावे. समजा, प्रत्येक टायरापाशी रस्ता धरून ठेवण्याचे सोळा आणे भांडवल आहे. गाडीला पुढे ढकलायचे ते याच भांडवलातून, आणि वळणात गाडी बाहेर फेकली जाऊ नये म्हणून आडवे धरून ठेवायचे तेही यातूनच. पुढच्या चाकांच्या गाडीत वळवणे आणि ओढणे ही दोन्ही कामे पुढच्याच टायरांवर पडतात. मागच्या चाकांच्या गाडीत कामे वाटलेली असतात, म्हणून ती हाताला गोड लागते. पण वळणात मागच्या टायरांना ढकलायचेही असते आणि धरूनही राहायचे असते.

गंमत अशी की हा हिशेब साध्या वजाबाकीचा नाही. ढकलण्यात बारा आणे खर्च झाले तर धरण्यासाठी चारच उरायला हवेत, उरतात साडेदहा. ढकलणे आणि धरणे ही एकमेकांना काटकोनात असतात, म्हणून येथे वर्गांचे गणित चालते. पंधरा आणे उडवले तरी साडेपाच हाती राहतात. आणि सोळावा आणा उडवला, की शून्य! घात होतो तो येथेच. दिवाळे निघण्याच्या क्षणापर्यंत गाडी मालकाला श्रीमंत असल्याचा भास देत राहते. शिवाय ओल्या सायीवर भांडवल सोळा आणे नसतेच. सात-आठ असले तरी पुष्कळ.

असो. प्रश्न उरला तो त्या व्यापाऱ्याच्या वाक्याचा. स्टॅबिलिटी होती, ट्रॅक्शन होते, मग गाडी आडवी कशी झाली?

एम.आय.डी.सी.च्या रस्त्यावर माझा एक जुना विद्यार्थी गॅरेज चालवतो. त्याला मी मराठीत काठावर पास केले होते, आणि या गोष्टीचा आम्ही दोघेही कधी उल्लेख करत नाही. पुण्यात मोठ्या वर्कशॉपात शिकून तो परत आला. माझी हकीगत त्याने शांतपणे ऐकली, गाडीत बसला, आणि इंजिन सुरू न करता नुसती किल्ली फिरवली.

"सर, डॅशबोर्डवरचे दिवे मोजा."

मी मोजले. इंजिनाचा, तेलाचा, बॅटरीचा, एबीएसचा, एअरबॅगचा, हँडब्रेकचा. असे सगळे पेटले, आणि त्याने इंजिन सुरू करताच बहुतेक विझले.

"आता सांगा, मागून नागमोडी रेघा निघालेल्या मोटारीचे चित्र असलेला दिवा पेटला का?"

"नाही. पण न पेटणे चांगलेच ना? बिघाड नाही असाच त्याचा अर्थ!"

"सर, तिथेच फसलात. किल्ली फिरवली की प्रत्येक दिव्याने एकदा पेटून, मी जिवंत आहे असे सांगायचे असते, आणि मग विझायचे असते. जो सुरुवातीला पेटतच नाही, तो एक तर मेला आहे, नाहीतर त्याचे तोंड कुणीतरी दाबले आहे."

त्याने डॅशबोर्ड उघडला. त्या दिव्याच्या मागे, नीट कातरून, काळ्या चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा बसवलेला होता. तो काढताच पिवळा दिवा पेटला आणि इंजिन सुरू झाल्यावरही विझेना. माझ्याआधीच्या मालकाने की व्यापाऱ्याने, कुणी हे केले ते मला कधीच कळले नाही. व्यापाऱ्याला फोन केला, तेव्हा त्याने गाडी 'आहे त्या स्थितीत' विकल्याची आठवण मला करून दिली. कागदावर तसे होतेही. पण कातरीने तो तुकडा कापताना त्या माणसाच्या डोळ्यांपुढे काय असेल, याचा विचार मी बरेच दिवस करत होतो. दिवा काय सांगतो आहे, हे त्याला ठाऊक होते. ठाऊक नसते, तर त्याने तो झाकला नसता.

आता ही यंत्रणा काय करते, ते सांगायला हवे. नावांनी गोंधळ होतो; प्रत्येक कंपनीची आद्याक्षरे निराळी. ट्रॅक्शन कंट्रोल म्हणजे शास्त्रशुद्ध मराठीत कर्षण-नियंत्रण म्हणावे लागेल. विश्वकोशाचे काम ज्या गावात झाले त्या गावचा मी. पारिभाषिक शब्दाची मला लाज नाही. पण हा शब्द मी गॅरेजात उच्चारला, तेव्हा पाना हातात घेतलेले पोर माझ्याकडे असे पाहू लागले की मी मुकाट्याने 'पकड' या शब्दावर आलो. तर, ट्रॅक्शन कंट्रोल पाहते ते फक्त फुकट फिरणाऱ्या चाकाकडे. प्रत्येक चाकापाशी वेग मोजणारा एक सेन्सर असतो. ढकलणारे एखादे चाक इतरांहून भरधाव फिरू लागले, की यंत्रणा इंजिनाचा जोर कमी करते आणि त्या एकट्या चाकाला ब्रेक लावते. मागच्या दोन चाकांमधील डिफरन्शियलचा स्वभाव असा, की घसरणारे चाक जेवढे पेलते, त्याहून अधिक जोर ते दुसऱ्यालाही देत नाही. उडाणटप्पू चाकाला आवळले, म्हणजे दुसऱ्याच्या वाट्याला काही येते.

स्टॅबिलिटीचे काम याहून वरचे. स्टेअरिंगच्या दांड्यावरचा सेन्सर सांगतो, चालकाला कुठे जायचे आहे. गाडीच्या मध्याजवळ बसवलेला दुसरा सेन्सर सांगतो, गाडी स्वतःभोवती प्रत्यक्षात किती वळते आहे. त्यात भोवऱ्यासारखे काही गरगरत नसते. एक अतिसूक्ष्म घटक सतत थरथरत असतो, आणि गाडी वळली की त्याची थरथर ढळते. 'हवे आहे ते' आणि 'होते आहे ते' यांचा मेळ यंत्रणा सेकंदाला पंचवीस वेळा घालून पाहते. मेळ बसला नाही, तर चालकाला न विचारता एकेका चाकाला ब्रेक लावते. नावाड्याला हे सांगावे लागणार नाही. नाव डावीकडे फार फिरू लागली, की तो उजवे वल्हे पाण्यात रोवून धरतो. माझी गाडी डाव्या वळणात शेपूट टाकू लागली होती. यंत्रणा जागी असती तर तिने पुढचे उजवे चाक आवळून तोंड पुन्हा रस्त्याकडे आणले असते, आणि त्याआधीच माझ्या पायाखालचा जोर काढून घेतला असता. उलट, गाडी वळायलाच तयार नसेल आणि सरळच निघाली असेल, तर ती आतल्या बाजूचे मागचे चाक आवळते.

ही विद्या फार जुनी नाही. चाक न अडकू देणारा एबीएस ब्रेक १९७८ साली मर्सिडीझच्या मोठ्या गाडीत आला, आणि त्याच्याच पायावर बॉशच्या अभियंत्यांनी मर्सिडीझच्या साथीने उभारलेली स्टॅबिलिटीची यंत्रणा १९९५ साली बाजारात आली. या कामाबद्दल आंटोन व्हान झांटेन या अभियंत्याला २०१६ साली युरोपीय संशोधक पुरस्कारांतील जीवनगौरव मिळाला. पण श्रीमंतांच्या गाडीतून ती सर्वांच्या गाडीत आली एका फजितीमुळे. १९९७च्या ऑक्टोबरात स्वीडनमधील एका मोटार-नियतकालिकाच्या चाचणीत मर्सिडीझची नवी, लहान ए-क्लास उलटली. 'मूस' नावाचे घोड्याएवढे हरीण अचानक आडवे आले तर गाडी कशी चुकवते, याची ती चाचणी. कंपनीने गाड्या देणे थांबवले, आणि पुढे प्रत्येक ए-क्लासमध्ये ही यंत्रणा बसवली. अमेरिकेत २०१२च्या मॉडेलपासून, आणि युरोपात २०१४च्या अखेरीपासून प्रत्येक नव्या मोटारीला ती सक्तीची झाली.

माझ्या गाडीतले दुखणे अगदीच किरकोळ निघाले. कधीतरी स्टेअरिंगचा एखादा भाग बदलला गेला होता, आणि 'सरळ' म्हणजे कोणते, हे त्या सेन्सरला पुन्हा शिकवलेच नव्हते. गाडी सरळ चालली असता तो सांगे, चालक वळतो आहे. बाकीचे सेन्सर सांगत, छे, वळत नाही. साक्षीदारांत असा विसंवाद आढळला, की यंत्रणा हात जोडून बाजूला होते आणि पिवळा दिवा लावते. मला तिच्या या प्रामाणिकपणाचे कौतुक वाटले. संगणक जोडून शिकवण्याचे काम तासाभरात झाले. सगळ्यांचेच नशीब असे नसते. कुणाच्या गाडीत चाकाच्या बेअरिंगवरचे चुंबकीय कडे उलट्या बाजूने बसवलेले असते, कुणाचा सेन्सर चिखलाने गेलेला असतो, कुठे नुसती बॅटरी दुबळी असते. विद्यार्थ्याने सांगितले, की दिवा पेटला म्हणून लोक महागडे भाग बदलत सुटतात. आधी संगणकाला विचारावे, तो सेन्सरचे नाव सांगतो.

पण त्याने मला लगेच सोडले नाही. "सर, खरे दुखणे इकडे आहे," म्हणून मागच्या टायरांपाशी नेले. दोन टायर दोन कंपन्यांचे. खाचांच्या तळाशी असतात त्या १.६ मिलिमीटरच्या आडव्या पट्ट्या एकावर जवळजवळ वर आल्या होत्या. बाजूवर कोरलेले चार आकडे त्याने वाचायला लावले: ३२१६. म्हणजे २०१६ सालचा बत्तिसावा आठवडा. आठ वर्षांचा टायर! पुढचे दोन मात्र नवे कोरे. व्यापाऱ्याने ते मुद्दाम दाखवले होते आणि मी खूश झालो होतो. दोनच नवे घ्यायचे असतील तर ते मागे बसवावेत, हे मला तेव्हा कळले; पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते आणि निदान समजते, मागची सुटली तर गरकन फिरते.

चारही टायर सारखे घेतले. त्यांचा खर्च सेन्सरच्या कामाच्या कितीतरी पट झाला. मी कुरकुरलो. तेव्हा तो म्हणाला, "सर, यंत्रणा पकड निर्माण करत नाही. असलेली पकड वाटून देते. टायरात काही नसेल, तर ती बिचारी वाटणार काय?"

मग एका पावसाळी सकाळी आम्ही गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर गेलो. माणूस नाही, झाड नाही. स्टॅबिलिटीचे बटण असते. माझ्या गाडीत ते नुसते दाबले तर चाकांना थोडी मोकळीक मिळते. तीन-चार सेकंद दाबून धरले तर सगळेच बंद होते, आणि इंजिन बंद करून पुन्हा सुरू केले की यंत्रणा आपोआप जागी होते. चिखलात रुतलेली गाडी झुलवून काढायला चाक थोडे फिरू द्यावे लागते, त्यासाठी ही सोय. तरुण मंडळी ती भलत्याच कारणासाठी वापरतात. आम्ही ती बंद केली. वीसच्या वेगाने वर्तुळ काढत मी ॲक्सिलरेटर दाबला, आणि पसरणीच्या घाटातली ती सुटी सुटी दोन क्षणे पुन्हा अंगावर आली. गाडी गरकन फिरली. माझे हात थरथरत होते.

यंत्रणा सुरू करून तेच पुन्हा केले. पाय तेवढाच दाबलेला. दिवा लुकलुकला, खालून टर्रर्र असा आवाज आला, इंजिनाने माझे ऐकणे सोडून दिले, आणि गाडी, एखाद्या हट्टी पण शहाण्या बैलासारखी, आपल्या चाकोरीत फिरत राहिली. मला हर्ष झाला. पण चाळीसच्या वेगाने तसेच करू म्हटल्यावर विद्यार्थ्याने किल्लीवर हात ठेवला. वेग दुप्पट झाला की त्याच वळणात पकड चौपट लागते. ती नसली, तर गाडी तोंड सरळ ठेवून, पण तितक्याच खात्रीने, मैदानाबाहेर जाईल. लुकलुकणारा दिवा म्हणजे यंत्रणा काम करते आहे. तसाच पेटून राहिलेला म्हणजे ती काम करत नाही, किंवा आपण बंद केली आहे. एवढे तो मला तोंडपाठ म्हणवून घेऊन मगच घरी सोडायला आला. पाठांतराची ही शिक्षा त्याला देताना मी एके काळी किती आनंदी असे, ते त्याच्याही लक्षात असावे.

सौ. चार महिने त्या गाडीत बसल्या नाहीत. दसऱ्याला बसल्या. किल्ली फिरवली की मागून मुलगी मोठ्याने दिवे मोजते. तिला तो खेळ झाला आहे. दसऱ्याच्या दिवशी घाटात परतीच्या पावसाची एक सर आली. त्याच डाव्या वळणाशी एक टेम्पो पुढे होता. त्याने बाजू दिली. मी वळण पुरे होईपर्यंत त्याच्या मागेच राहिलो. आमच्या मागचा कुणीतरी सारखा हॉर्न वाजवत होता.